प्रवेश विना मूल

निवृत्त झाल्यावर माझ्याकडे मराठी सुधारून घ्यायला कोणी येईना, तेव्हा मीच उठून आमच्या नाट्य मंडळात गेले. अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाशिवाय करमत नाही. मंडळाचं सभागृह आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आत लाल प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या. महिन्यातून एक नाटक आणि एक सिनेमा होतो, आणि त्याची सूचना तेव्हा अध्यक्ष फोनवरून सगळ्या गावाला पाठवायचे.

अध्यक्षांची पावसला आंब्याची बाग आहे. माणूस सोन्यासारखा, पण मोहोर धरायच्या दिवसांत त्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं आणि उरलेलं अर्धं फवारणीकडे. एकदा त्यांचा निरोप आला, "येत्या रवीवारी नाठक आहे. सर्वांनी उपस्तीत रहावे." मी तो कागदावर उतरवून घेतला, लाल पेनाने दुरुस्त केला आणि त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, मग तुम्हीच लिहा ना."

मला हेच हवं होतं.

तेव्हापासून आगामी कार्यक्रमांची सूचना मी लिहू लागले. मी ती फोनवरून सगळ्यांना पाठवायची, आणि अध्यक्षांनी ती बघून फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने उतरवायची, अशी पद्धत पडली. दहा महिने एक अनुस्वार चुकला नाही. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, "तुमचा निरोप वाचायला बरं वाटतं हो, बाई." मी वरवर "छे, त्यात काय" म्हणायचे आणि घरी येऊन आमच्या ह्यांना सांगायचे.

डिसेंबरचा कार्यक्रम असा होता. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बालनाट्य, 'होडीला लागली उचकी'. रविवारी त्याच वेळी परदेशी चित्रपट. बालनाट्य लिहिणारा आणि बसवणारा माझाच जुना विद्यार्थी. आता एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर तिकिटं फाडतो आणि सुट्टीच्या दिवशी मुलांची नाटकं बसवतो. त्याने मला बजावून सांगितलं होतं, "बाई, या नाटकात समोर बसलेल्या मुलांना बरंच काम आहे. ती ओरडली नाहीत तर नाटक पुढेच जात नाही. प्रवेश फुकट आहे हे ठळक लिहा, म्हणजे सगळी येतील."

'फुकट' हा शब्द मी लिहिणं शक्यच नव्हतं. मी 'विनामूल्य' लिहायला घेतलं.

त्या वेळी माझा चष्मा स्वयंपाकघरात होता, मी ओटीवर होते, आणि आमचे हे आतून विचारत होते की सोलकढीला नारळ एक पुरे की दोन. मी "दीड!" असं ओरडले. तेवढ्यात शेवटचं जोडाक्षर पडायच्या आत बोट घसरलं, आणि फोनने स्वतःची अक्कल चालवून शब्द मधोमध तोडला. निरोप गेला तो असा: "बालनाट्य. शनिवार, सायंकाळी पाच. प्रवेश विना मूल. कृपया वेळेवर यावे."

मी चष्मा लावून नारळ बघितला. निरोप काही बघितला नाही.

अध्यक्षांनी तो अक्षरन् अक्षर फळ्यावर उतरवला. त्यांना शंका आली होती, असं त्यांनी नंतर कबूल केलं. "पण म्हटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार." शिवाय लोकांच्या नजरेत भरावं म्हणून 'विना मूल' या दोन शब्दांखाली त्यांनी पिवळ्या खडूने दोन रेघा मारल्या.

शनिवारी मी पावणेपाचला पोचले. सभागृह जवळजवळ भरलं होतं. मला फार आनंद झाला. एरवी बालनाट्याला जो कल्लोळ असतो, खुर्च्यांवरून उड्या, रडारड, कोणाच्या तरी डोक्यात खाऊचा कागद, त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं. सगळे शांत बसले होते. मी मनात म्हटलं, केवढी ही शिस्त! 'वेळेवर यावे' असं शुद्ध मराठीत सांगितलं की लोक ऐकतात.

मग मी चष्मा पुसून परत बघितलं. पहिल्या रांगेत आमच्या बँकेचे निवृत्त मॅनेजर, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. दुसऱ्या रांगेत भजनी मंडळ अख्खंच्या अख्खं. पलीकडे मिरकरवाड्याच्या पाचसहा जणी, मासळीचा बाजार आटोपून, गजरे माळून आलेल्या. मागे दोन डॉक्टर, एक वकील, आणि कधीही घराबाहेर न पडणारे आमच्या गल्लीतले आजोबा. शंभर-सव्वाशे माणसं असतील, आणि सगळ्यात लहान प्रेक्षक चाळिशीचा.

आमच्या शेजारीण आजी हात करत होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "नातवंडं कुठे तुमची?"

"घरी ठेवली की," त्या म्हणाल्या. "केवढी रडली म्हणून सांगू! पण तुम्ही लिहिलंत ना, मुलांना आणायचं नाही म्हणून. मी सुनेला म्हटलं, नियम म्हणजे नियम."

"मी? मी कुठे असं लिहिलं?"

त्यांनी फोन काढून दाखवला. मी वाचलं. मग पुन्हा वाचलं.

मागून वकील म्हणाले, "कल्पना उत्तम आहे, बाई. बालनाट्यात मुलांचाच काय तो त्रास असतो."

बाहेर जाऊन फळा बघितला, तर पिवळ्या दोन रेघा झगझगत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत एक बाप दोन मुलांना स्कूटरवर घेऊन आला. त्याने फळा वाचला, मुलांना काहीतरी समजावलं आणि स्कूटर वळवली. मी मागून "अहो! अहो!" म्हणत धावले, पण साडीत स्कूटर काही गाठता येत नाही. धाकटा मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघत गेला, ती नजर मी अजून विसरलेले नाही.

रंगमंचामागे कंडक्टर मुलांना मिश्या चिकटवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हातातली मिशी खाली ठेवून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी सहावीत असताना तुम्ही मला 'आशीर्वाद' हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला होतात."

एवढं म्हणून त्याने मिशी पुन्हा उचलली. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"गाडी भरली की सोडायची," तो म्हणाला. "मग आत कोण बसलंय ते बघायचं नाही."

तो पडद्यापुढे गेला आणि सवयीने आधी म्हणाला, "मागच्यांनी पुढे सरकून घ्या." मग त्याने प्रेक्षकांना समजावून सांगितलं, की या नाटकात तुम्हालाही काम आहे. मंचावरून काही विचारलं की मोठ्याने उत्तर द्यायचं, बोलावलं की वर यायचं. "आज तुम्हीच मुलं," तो म्हणाला. सभागृहात कोणी हसलं नाही. मॅनेजरसाहेबांनी तेवढी मान डोलावली, कर्जाचा अर्ज ऐकल्यासारखी. मी विंगेत एका स्टुलावर बसले.

नाटकाची गोष्ट साधी होती. एका होडीला उचकी लागते. कोणीतरी आठवण काढत असल्याशिवाय उचकी लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण होडीची आठवण कोण काढतंय? बरोबर नाव घेतलं की उचकी थांबणार. होडी पुठ्ठ्याची, जुन्या हातगाडीच्या चाकांवर बसवलेली. आत तिसरीतली एक मुलगी बसून उचक्या देत होती. ती उचकी अशी देई, की पत्रा थरथरावा.

"हिची आठवण कोण काढतंय बरं?" नावाडी झालेल्या मुलाने प्रेक्षकांना विचारलं.

शांतता. होडीची एक जोरदार उचकी. पुन्हा शांतता. मी डोळे मिटून घेतले.

मग मिरकरवाड्याच्या बायकांतली एक, चांगली साठीची, बसल्या जागेवरून म्हणाली, "सासू असेल गो तिची."

हशा पिकला. होडीने नेमकी त्याच वेळी उचकी दिली. म्हणजे उत्तर चूक. आता मात्र सगळ्यांनाच स्फुरण चढलं. "मुंबईचा भाऊ!" कोणीतरी ओरडलं. "भाऊ कसला आठवण काढतोय, मेव्हणा असेल!" "जुना मालक!" "लाइट बिलवाला!" भजनी मंडळाने एका सुरात "माहेरची माणसं!" असं उत्तर दिलं. आणि आमच्या गल्लीतले ते आजोबा, जे कधी कोणाशी बोलत नाहीत, ते खुर्चीवरून उठून म्हणाले, "शाळेतली मैत्रीण." त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं ते नाटक संपेपर्यंत.

नावाडी झालेला मुलगा गोंधळला. तालमीत मुलांनी 'मासा', 'खेकडा', 'समुद्र' अशी उत्तरं दिली होती. खरं उत्तर होतं 'बेट'. समुद्रातल्या एका एकट्या बेटाला होडीची आठवण येत असते. पण सव्वाशे मोठ्या माणसांपैकी एकालाही बेट सुचेना. शेवटी कंडक्टरला विंगेतून खुणा कराव्या लागल्या, तेव्हा वकील "बेट" म्हणाले, आणि आपण ते आधीच ओळखलं होतं असं शेजाऱ्यांना सांगत बसले.

यानंतरचा प्रसंग म्हणजे होडी वाळूत रुतते आणि प्रेक्षकांतली दहा मुलं दोर धरून तिला ओढतात. नावाड्याने हाक दिली, "या, या, होडी ओढायला या!"

दहा जणांची जागा होती. तीस जण उठले. मॅनेजरसाहेब सगळ्यांत आधी पोचले. डॉक्टरांनी चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. दोर कसा धरायचा यावरून लगेच मतभेद सुरू झाले. ते बघून ती मिरकरवाड्याची बाई तिच्या जागेवरून तरातरा आली, पदर खोचला आणि म्हणाली, "मेल्यांनो, होडी ओढताय की सुतळी? सरा. अंतर ठेवून उभे राहा. पाय रोवा. मी म्हणेन तेव्हाच ओढायचं."

"ताई, पुठ्ठ्याची आहे ती..." कंडक्टर म्हणायला लागला.

"होडी ती होडी," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बोट करून, "बाई, तुम्ही काय स्टुलावर? या दोराला!"

मी उठले. खरं सांगते, त्या क्षणी मला 'विना मूल' आठवलंसुद्धा नाही. मी मॅनेजरसाहेबांच्या मागे दोर धरला.

"हैऽऽ स्सा!" ती ओरडली.

आम्ही ओढलं. तालमीत दहा मुलांच्या जोराने ती होडी चार फूट सरकायची. आमच्या जोराने ती दोरातून निसटून आमच्या शेजारून सुटली, विंगेतून गेली, माझं स्टूल उडवून बाजूच्या उघड्या दारातून उतारावरून थेट अंगणात गेली आणि नारळाच्या आळ्यात जाऊन थांबली. आम्ही तीस जण दोर हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर पडलो. आणि आत तर ती तिसरीतली मुलगी होती!

तेवढ्यात अंगणातून खणखणीत आवाज आला, "उच्!"

आणि मागोमाग, "पुन्हा! पुन्हा ओढा!"

तिला काही लागलं नव्हतं. पण होडी वर आणायची म्हणजे उलटी ढकलावी लागणार, आणि पुठ्ठ्याचा तळ तर निघाला होता. मग कंडक्टरने जाहीर केलं की उरलेलं नाटक अंगणात होईल. सगळे उठून बाहेर आले. बेट झालेला मुलगा हिरवी चादर सावरत नारळाखाली उभा राहिला, होडी त्याला भेटली, उचकी थांबली. भजनी मंडळातल्या दोघी रडल्या. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की रडलो नाही, धूळ गेली. अंगणात नुकतंच पाणी मारलेलं होतं.

जाताना प्रत्येक जण मला "फार मजा आली" असं सांगून गेला. चुकीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण ती चूक आहे हे मुळी कोणाला वाटलंच नव्हतं. घरी गेल्यावर मी ह्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं कबूल केलं.

हे शांतपणे सोलकढी पीत होते. म्हणाले, "मी त्याच दिवशी वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझं काहीतरी धोरण असेल. आणि बत्तीस वर्षांत तुझं मराठी सुधारायची माझी पहिलीच वेळ, ती अशी एकदम कशी घ्यायची?"

पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही. ही सव्वाशे माणसं आपापल्या घरी गेली आणि त्यांनी घरातल्या मुलांना सगळं रंगवून सांगितलं. दोर कसा ओढला, होडी कशी सुटली, आपण किती मोठ्याने ओरडलो. मुलं ऐकून घेतात, पण विसरत नाहीत. रविवारी सकाळी दूधवाल्यानंतर आमच्या दारात पहिल्या आल्या त्या शेजारीण आजी. "बाई, आज काय आहे तिथे? कार्टी ऐकायला तयार नाहीत. काहीही असो, आम्हाला न्याच म्हणतात."

रविवारी होता परदेशी चित्रपट. सिनेमाची बाजू आमच्याकडे कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक सांभाळतात. बारीक चणीचे, मऊ बोलणारे. त्यांच्या सिनेमांना पाच माणसं येतात, त्यांपैकी एक जण झोपायला. या वेळचा सिनेमा एका डोंगरावर शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. दोन तासांत मिळून अकरा वाक्यं. प्राध्यापकांनी तो तीन वेळा पाहिला होता आणि तिन्ही वेळा त्यांना रात्री जेवण गेलं नव्हतं.

पाच वाजता फाटकातून चाळीस-पंचेचाळीस मुलं आत आली. स्कूटरवरचे दोघेही होते. प्राध्यापक यंत्राजवळून धावत माझ्याकडे आले.

"बाई, ही यांच्यासाठी नाही हो फिल्म," ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "यात काहीच घडत नाही. तेच तिचं सौंदर्य आहे."

"मुलांना काल आपण परत पाठवलं, सर," मी म्हटलं. "माझ्याच्याने आज पुन्हा होणार नाही. तुम्ही लावा."

त्यांनी दिवे मालवले. पहिली दहा मिनिटं पडद्यावर नुसता डोंगर. मुलं डोंगराकडे बघत होती. मग शेळ्या आल्या. मुलांनी मोजल्या, सतरा. एक काळी, एका शिंगाची. तिचं मुलांनी तिथल्या तिथे बारसं केलं. ठेवलेलं नाव गावातल्या एका वजनदार माणसाचं असल्यामुळे इथे देत नाही. पुढे ती काळी शेळी हरवते. म्हातारा तिला शोधत फिरतो, आणि शेळी त्याच्या मागे खडकाआड उभी असते, आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही.

"आजोबा, मागे!" पहिल्या रांगेतून एक मुलगी ओरडली.

म्हातारा पुढेच बघत राहिला.

"मागे! मागे बघा! मागेऽऽ!" सगळं सभागृह उठून ओरडू लागलं. आणि पडद्यावरचा तो म्हातारा थांबला, त्याने कपाळावर हात धरला आणि सावकाश मागे वळून बघितलं.

असा आनंद मी शाळेतसुद्धा कधी ऐकला नव्हता. मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती. "ऐकलं! त्याने ऐकलं!" मी प्राध्यापकांकडे बघितलं. ते यंत्राजवळ उभे होते, दोन्ही हात डोक्यावर ठेवून.

सिनेमा संपल्यावर ते नेहमी चर्चा घेतात. एरवी ते स्वतःच प्रश्न विचारतात आणि थोडं थांबून स्वतःच उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी घसा खाकरून विचारलं, "या चित्रपटातल्या एकटेपणाबद्दल कोणाला काही बोलायचं आहे का?"

बारा हात वर झाले.

"त्याने गोठ्याला कडी का नाही घातली?" एका मुलीने विचारलं.

"हा प्रश्न मला कधी पडला नव्हता," प्राध्यापक म्हणाले.

"कडी घातली असती तर शेळी गेलीच नसती," दुसरा म्हणाला. "मग तो कोणाला शोधायला बाहेर पडला असता? घरातच बसला असता एकटा."

प्राध्यापक खुर्चीत बसले. त्यांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं, मी बघितलं. मग शेळीला काय खायला आवडतं, ती मुद्दाम लपली होती का, म्हाताऱ्याला मुलं असतील तर ती मुंबईला आहेत का, अशी चर्चा पाऊण तास चालली. घ्यायला आलेले आईबाप आत येऊन मागे उभे राहिले, आणि हळूहळू त्यांतले काही बोलूही लागले.

पुढच्या महिन्यांचे कार्यक्रम ठरवायला आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसलो. माझं काम माझ्याकडेच राहिलं. फक्त निरोप पाठवायच्या आधी तो अध्यक्षांनी मोठ्याने वाचायचा, असं ठरलं, आणि त्यात त्यांना फारच गोडी लागली आहे. भजनी मंडळाचा लेखी अर्ज आला होता, की बालनाट्याचा एक खेळ फक्त मोठ्यांसाठी ठेवावा, कारण मुलं असली की त्यांना नीट ओरडता येत नाही. कंडक्टरने तो मान्य केला आणि या वेळी होडी सागवानी करून घेतो म्हणाला.

प्राध्यापकांनी सिनेमांची यादी आणली होती. सात सिनेमे, सगळे मोठमोठ्या देशांतले. अध्यक्षांनी ती वाचून दाखवायला घेतली, तेवढ्यात प्राध्यापकांनी ती परत मागून घेतली आणि पेनाने त्यातले पाच खोडले.

"का हो सर?" मी विचारलं.

"यांत जनावरं नाहीत," ते म्हणाले.